एकशे अठरा रुपये आणि फुटलेला शेवट

प्रकरण तसं छोटं आहे. पहिल्या दिवसाचा शो ऐन वेळी रद्द झाला. तिकिटाचे पैसे आठवड्याभरात परत आले, वरचे ११८ रुपये आले नाहीत, आणि ते मिळवायला शो रद्द झाल्यापासून एक्केचाळीस दिवस लागले. मधल्या काळात पिक्चरचा शेवट फुटला, त्याची भरपाई मागायला खिडकीच नव्हती.

हे माझ्या चुलतभावाचं, दादाचं प्रकरण. शोच्या वेळी मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत होतो. दादाला कागद जपायची सवय आहे, त्यामुळे तिकिटाचे स्क्रीनशॉट, चॅट, ईमेल, बँकेचे मेसेज असं सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारीखवार लावलेलं आहे. त्यावरूनच हे लिहितोय. मल्टिप्लेक्सचं आणि तिकीट ॲपचं नाव घेत नाही. पिक्चरचं नाव घ्यावंच लागणार, कारण त्याशिवाय दादाचा जीव कशात अडकला होता ते कळणार नाही. शेवट मात्र कुठेही सांगितलेला नाही, तेव्हा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी निर्धास्त वाचावं.

आधीचं थोडं

काका, म्हणजे दादाचे वडील, कराडला केबल चालवायचे. नव्वदच्या दशकात सुरू केलेला धंदा सेट-टॉप बॉक्स येईपर्यंत चालला. खांद्यावर वायरचं भेंडोळं, कमरेला पक्कड, आणि रात्री साडेनऊला व्हिडिओ चॅनलवर पिक्चर. कॅसेट नीट चालतेय का हे आधी बघून ठेवायचं काम दादाकडे होतं, म्हणजे दोन-तीनशे घरांच्या आधी शेवट त्या शाळकरी पोराला माहीत असायचा. त्यावर काकांचा एकच नियम होता: गिऱ्हाइकाला शेवट सांगायचा नाही. संध्याकाळी वर्गणी गोळा करायला गेल्यावर बायका विचारायच्या, "आजच्या पिक्चरमध्ये हिरो मरतो का रे?" दादा म्हणायचा, "काकू, साडेनऊला बघा की."

अशा घरात ३१ जुलै २०१५ ला हिंदी ‘दृश्यम’ आला. मूळ मल्याळम पिक्चर २०१३ चा, जीतू जोसेफचा, मोहनलाल असलेला. हिंदी केला आपल्या निशिकांत कामतने. नायक विजय साळगावकर, गोव्यातला चौथी नापास केबलवाला, आणि त्याचं सगळं शहाणपण केबलवर पाहिलेल्या पिक्चरांतून आलेलं. काकांनी तो दोनदा थेटरात आणि पुढे टीव्हीवर किती वेळा पाहिला याची गणती नाही. "केबलवाल्याला कुणी हिरो केलाय का आजवर?" हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं. दर २ ऑक्टोबरला, म्हणजे पिक्चरमधल्या गाजलेल्या तारखेला, काका सकाळी सकाळी फोन करून विचारतात, "काय रे, सत्संगाला गेला होतास का पणजीला?" ज्यांनी पिक्चर पाहिलाय त्यांना हे कळेल.

दुसरा भाग मल्याळममध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तोही थेट ओटीटीवर. इंग्रजी सबटायटल्स होती, कोरोनामुळे बरीच माणसं घरात होती, त्यामुळे निम्म्या देशाने तो बघितला. दादाने बघितला नाही. हिंदी येणार हे तो धरून चालला होता आणि तो मोठ्या पडद्यावर, काकांच्या शेजारी बसून, काही माहीत नसताना बघायचा असं त्याने ठरवलं. त्यासाठी एकवीस महिने पहारा दिला. ऑफिसचे दोन ग्रुप सोडले, रील्समध्ये मोहनलाल दिसला की अंगठा विजेच्या वेगाने वर. एकदा लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारचा माणूस "दुसऱ्या भागात काय आहे माहितीये का" म्हणायला लागला तर हा भरल्या ताटावरून उठला. मला हे तेव्हाही वेडेपणाचं वाटत होतं. पण छंद म्हटला की त्यात असं एक कलम असतंच. कुणी पहिल्या पावसात सिंहगड चढतो, कुणी गणपतीचा ठरावीकच मूर्तिकार सोडत नाही.

हिंदी दुसऱ्या भागाची तारीख १८ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार. दिग्दर्शक यावेळी अभिषेक पाठक, निशिकांत कामत २०२० च्या ऑगस्टमध्ये गेला. निर्मात्यांनी गंमत अशी केली की २ ऑक्टोबरला बुकिंग करणाऱ्याला पहिल्या दिवसाचं तिकीट निम्म्या दरात. दादाने त्या रविवारी सकाळीच चार तिकिटं काढली: तो, वहिनी, काका आणि मी. शो संध्याकाळी सव्वासातचा, पुण्यातलं मल्टिप्लेक्स.

हिशेब इथे मांडून ठेवतो, पुढे लागेल. तिकीट २८० चं १४० ला, चारांचे ५६०. ॲपचं सुविधा शुल्क तिकिटामागे २५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेएकोणतीस. चारांचे ११८. एकूण ६७८. सूट तिकिटावर होती, शुल्कावर नव्हती. २८० च्या तिकिटावर साडेएकोणतीस दहा-अकरा टक्के होतात, १४० च्या तिकिटावर तेच एकवीस टक्के. दादाने हे तेव्हाच बोलून दाखवलं होतं आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "अहो, निम्म्यात मिळालंय ना, गप बसा."

शुक्रवार

काका त्यासाठी कराडहून आले होते. सातला आम्ही आत. जाहिराती झाल्या, ट्रेलर झाले, राष्ट्रगीताला उभे राहिलो, बसलो, आणि पडदा काळा. दोन मिनिटांनी पुन्हा जाहिराती. पानमसाला, सोनं, बांधकाम, पुन्हा पानमसाला. पाऊण तासात तोच पानमसाला चार वेळा आला. मागून शिट्ट्या, मग टाळ्या, मग "ओ, पिक्चर लावा" सुरू झालं.

सव्वाआठला टाय लावलेला एक पोरगा पडद्यासमोर आला. पंचवीसचाही नसेल. "सर, मॅडम, टेक्निकल इश्यू आहे, शो होऊ शकत नाही, रिफंड ऑटोमॅटिक होईल." दीडशे माणसं एकदम उठली. एका गृहस्थाने मोबाइल त्याच्या नाकाजवळ नेऊन शूटिंग सुरू केलं. पोराने हात मागे बांधून ऐकून घेतलं. त्याच्या हातात काहीच नव्हतं हे दिसत होतं, पण माणसांना ओरडायला समोर तोच होता.

नेमकं काय झालं ते काकांनी काढलं. गर्दी काउंटरवर असताना ते वरच्या बूथच्या जिन्यात जाऊन उभे राहिले आणि तिथला ऑपरेटर खाली आल्यावर त्याला म्हणाले, "मी पण याच लाइनचा. काय झालं, सर्व्हर गेला का?" तो पोरगा बोलायला लागला.

पिक्चर आता रिळांच्या पेट्यांतून येत नाही, फाइल म्हणून येतो, आणि ती फाइल कुलूपबंद असते. कुलूप उघडणारी किल्ली वेगळी येते, तिला सगळे नुसतं ‘की’ म्हणतात. ही की ठरावीक सर्व्हरसाठीच असते, आणि तीही ठरावीक तारीखवेळेपुरतीच चालते. त्या दिवशी दुपारी आमच्या स्क्रीनचा सर्व्हर बंद पडला म्हणून त्यांनी जवळचा राखीव सर्व्हर बसवला. फाइल चढली, पण की जुन्या सर्व्हरच्या नावाची. नवीन की मागवली होती, ती संध्याकाळपर्यंत येईल असं वाटलं होतं, आली नाही. जाहिराती मात्र चालू होत्या, कारण जाहिरातींना कुलूप नसतं.

म्हणजे दुपारीच त्यांना माहीत होतं की संध्याकाळचा शो टांगणीला आहे. या प्रकरणात मला सगळ्यात खटकलेली गोष्ट ही. सर्व्हर कुणाचाही बंद पडतो. पण दुपारी चारला एक मेसेज आला असता, "शोबद्दल खात्री नाही, हवं तर आत्ताच दुसऱ्या स्क्रीनवर बदलून घ्या," तर तेव्हा शेजारच्या स्क्रीनवर जागा होत्या. सव्वाआठला राहिल्या होत्या फक्त पावणेअकराच्या शोच्या, पहिल्या रांगेतल्या तीन. आम्ही चौघं, त्यात काका बहात्तरचे आणि मान धरलेली.

दादाने काउंटरवर एकच मागणी केली: "रविवारची चार तिकिटं याच दरात द्या, रिफंड नको." उत्तर आलं, "सर, ऑफर प्राइस सिस्टिमला नाहीये आता." दादाने विचारलं, "मग लिहून द्या की शो तुमच्याकडून रद्द झाला." तर, "सर, मेसेज येईल तुम्हाला." हाती काय आलं, पॉपकॉर्नची चार कुपनं. पार्किंगचे पैसेही आम्हीच भरले. घरी जाताना गाडीत कुणी बोललं नाही. काका तेवढे एकदा म्हणाले, "आमच्या वेळी कॅसेट अडकली तर मी घरोघरी जाऊन सांगायचो."

शनिवार, सकाळचे आठ बावन्न

दादाने रविवारी चारच्या शोची तिकिटं रात्रीच काढली. वीकेंडचा दर ३२०, चारांचे १,२८०, वर तेच ११८. म्हणजे १,३९८. आता प्रश्न होता शुक्रवार रात्र ते रविवार दुपार एवढाच. एकवीस महिने काढलेल्या माणसाला हे त्रेचाळीस-चव्वेचाळीस तास कठीण जायला नकोत.

पण हे तास वेगळे होते. मल्याळम पिक्चर बघितलेल्या माणसाला तो बोलायला कुणीतरी शोधावा लागत होता. हिंदी आल्यावर पहिल्या दिवशी लाखो मराठी माणसं तो एकदम बघून आली, आणि त्यात आमची डोंबिवलीची आत्या होती.

दादा पोहे खात होता. फोन ताटाशेजारी, पडदा कुलूपबंद, पण वर मेसेजच्या पहिल्या दोन ओळी दिसतात. ऑफिस, शाळासोबती, सोसायटी हे सगळे ग्रुप त्याने म्यूट केले होते. घरचा ग्रुप केला नव्हता. घरच्या ग्रुपवर कुणाचं आजारपण येतं, कुणी गेल्याची बातमी येते, तो कसा म्यूट करणार? आत्याचा मेसेज असा होता: "काल फर्स्ट डेला जाऊन आलो, छान आहे, शेवटी तो" आणि पुढे सात शब्द, आणि मग "तेव्हा अंगावर काटा आला, जरूर बघा सगळ्यांनी."

ते सात शब्द पहिल्या दोन ओळींतच होते.

वहिनी सांगतात की तो पाच मिनिटं चमचा हातात धरून बसून होता. मग त्याने दोन गोष्टी केल्या. वहिनींचा फोन घेऊन त्यातला मेसेज न दाखवता पुसला, आणि मला फोन केला: "घरचा ग्रुप उघडू नकोस. रविवारपर्यंत. का ते विचारू नकोस." मी उघडला नाही. आत्याला उत्तर म्हणून त्याने तीनदा काहीतरी टाइप करून पुसलं आणि शेवटी नुसता अंगठा पाठवला. तिच्यावर रागावणार कसं? तिने प्रेमानेच लिहिलं होतं, आणि ती आत्या आहे. कस्टमर केअरला निदान तिखट ईमेल तरी लिहिता येतो.

खरा धक्का पुढे होता. दादाने काकांना सांगितलं, "अण्णा, ग्रुप बघू नका, आत्याने शेवट लिहिलाय." काका पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "बघितला मी. बरोबर लिहिलाय."

"बरोबर म्हणजे?"

"मी मल्याळम बघितलाय. लॉकडाउनमध्येच. तू झोपल्यावर."

"आणि एकवीस महिने मला बोलला नाहीत?"

"गिऱ्हाइकाला शेवट सांगायचा नाही," काका म्हणाले आणि पान उलटलं.

शेवट माहीत असला तर काय बिघडतं

इथे थोडं थांबतो, कारण दादाचं नुकसान झालं की नाही यावर घरात आजही वाद आहे.

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठात लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बारा लघुकथा घेतल्या. काहींना आधी शेवट सांगून वाचायला दिल्या, काहींना न सांगता. शेवट सांगितलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या, असं निघालं. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटही निघालं. काका पहिल्या प्रयोगाच्या बाजूचे. ते म्हणतात, शेवट माहीत असला की माणूस कसा तिथे पोचतो ते बघायला डोळे मोकळे राहतात, आणि रामायणाचा शेवट कुणाला माहीत नसतो?

मला यातला एक फरक महत्त्वाचा वाटतो. काकांनी शेवट पिक्चरकडूनच घेतला होता, दोन-अडीच तास बसून. दादाला तो पोह्यांवर, सात शब्दांत मिळाला. प्रयोगातल्या वाचकांना त्या कथांची एकवीस महिने वाट बघायला लावली नव्हती. दादाने जे जमवलं होतं ते न कळण्याचं भांडवल होतं, आणि ते एकदाच खर्च करता येतं.

रविवारी चौघं बसलो. की चालली. शेवटाकडे जाताना मी खुर्चीच्या दांड्याला धरून होतो, वहिनी पुढे झुकल्या होत्या. काका दुसऱ्यांदा बघत असून माझ्याइतकेच रंगले होते. दादा पडद्याकडे कमी आणि आमच्या तोंडाकडे जास्त बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "चांगला बनवलाय," आणि त्यात काही खोट नव्हती, पण लाइटचं बिल तपासून बरोबर निघाल्यावर माणूस जसं बोलतो तसं ते होतं.

एकशे अठरा रुपये

गुरुवारी, २४ नोव्हेंबरला खात्यात ५६० जमा झाले. ११८ नाहीत. दादाने ॲपच्या चॅटमध्ये विचारलं. आधी मशीन बोललं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," मग माणूस बोलला, तोही तेच. मग कळलं की सुविधा शुल्क नियमाप्रमाणे परत मिळत नाही. दादा म्हणाला, मी तिकीट रद्द केलं असतं तर बरोबर होतं, शो तर थेटरने रद्द केला. उत्तर: "आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, कृपया थेटरशी संपर्क साधा." थेटरला फोन केला तर, "सर, ते शुल्क आम्हाला येत नाही, ॲपला येतं." दोघंही खरं बोलत होते. टोलवाटोलवीत हेच अवघड असतं, खोटं कुणीच बोलत नाही.

तोवर मी दादाला सोड म्हणत होतो. पण तो हट्टाला पेटला, आणि आता वाटतं, का पेटला ते कळण्यासारखं होतं. शेवट कुणाकडे मागायचा हे त्याला माहीत नव्हतं, ११८ रुपये कुणाकडे मागायचे ते शोधून काढता येत होतं.

त्याने २०२० चे ई-कॉमर्स नियम काढून वाचले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो लागू झाला २० जुलै २०२० ला, त्याखालचे हे नियम. त्यात दोन गोष्टी कामाच्या होत्या. एक, ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. दोन, ग्राहकाने रद्द केलं म्हणून कंपनीला पैसे कापायचे असतील तर कंपनीने एकतर्फी रद्द केल्यावर तिलाही तसाच भुर्दंड सोसावा लागतो. इथे उलटंच झालं होतं. रद्द केलं त्यांनी, कापले आमचे.

अधिकाऱ्याचा पत्ता ॲपच्या तळाशी, बारीक अक्षरांत, चौथ्या दुव्यामागे सापडला. २५ नोव्हेंबरला ईमेल गेला. त्यात तीन मागण्या: सुविधा शुल्काचे ११८, रविवारच्या तिकिटांतला फरक ७२०, आणि शो धोक्यात आहे हे दुपारी माहीत असून कळवलं का नाही याचं लेखी उत्तर. शेवट फुटल्याबद्दल एक ओळ त्याने लिहिली होती, ती वहिनींनी काढायला लावली. "लोक हसतील," त्या म्हणाल्या. मला वाटतं तिथे त्या बरोबर होत्या.

पोच वेळेत आली. उत्तर ९ डिसेंबरला. ‘सद्भावना म्हणून’ शंभर रुपयांचं व्हाउचर, मुदत तीस दिवस, किमान खरेदी पाचशेची. म्हणजे शंभर घ्यायला पुन्हा चारशे खर्चा आणि पुन्हा सुविधा शुल्क भरा. दादाने नाकारलं. १२ डिसेंबरला, सोमवारी, त्याने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला. इथे एक सांगायला हवं, कारण लोकांचा गैरसमज असतो: हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे. ते तक्रार नोंदवून नंबर देतात, कंपनीकडे पाठवतात, उत्तर मागतात. हुकूम काढू शकत नाहीत. तरीही बऱ्याचदा एवढ्याने काम होतं, कारण तिथून आलेली तक्रार कंपनीत निदान वेगळ्या टेबलावर जाते.

गेली. २९ डिसेंबरला ११८ रुपये जमा झाले. कारण काही दिलं नाही, चूक झाली असंही म्हटलं नाही, फक्त ‘अपवाद म्हणून’.

राहिलेले ७२०

फरकाचे ७२० मिळाले नाहीत, आणि दुपारी का कळवलं नाही याचं उत्तरही नाही. पुढचा रस्ता होता जिल्हा ग्राहक आयोगाचा, ज्याला आपण अजून ग्राहक मंचच म्हणतो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. वकील लागतोच असं नाही. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. ७२० चा दावा टिकला असता का? माझं मत, टिकला असता. सूट ही थेटरने केलेली मेहेरबानी नव्हती, ठरलेल्या दिवशी बुक करून दादाने ती मिळवली होती. त्यांच्या चुकीने ती बुडाली आणि तोच पिक्चर बघायला त्याला जास्त मोजावे लागले, तेही पावतीसकट दाखवता येतं. पण तारखांना रजा टाकून जायला हवं, आणि दादाची रजा गावच्या जत्रेसाठी राखलेली असते. तक्रारीला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे. ती संपेपर्यंत फोल्डर कपाटावर होता.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूची बातमी आली. तिथल्या एका प्रेक्षकाने तक्रार केली होती की तिकिटावरच्या वेळेनंतर पंचवीस मिनिटं जाहिराती दाखवून आपला वेळ खाल्ला. ग्राहक आयोगाने त्याला मानसिक त्रासाचे २०,००० आणि खर्चाचे ८,००० द्यायला सांगितले, शिवाय एक लाख ग्राहक कल्याण निधीत भरायला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. दादाने पहिली बातमी मला रात्री अकराला पाठवली, खाली लिहिलं, "आपल्याला तर एक तास दाखवल्या होत्या." दुसरी बातमी मीच पाठवली. तिला उत्तर आलं नाही.

कुणाचं कुठे चुकलं म्हणाल तर मी असं मांडीन. थेटरचं दुपारी चारला चुकलं, सव्वाआठला नाही. ॲपचं नियमाच्या आड लपण्यात चुकलं. आत्याचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. आणि दादाचंही एक चुकलं: काउंटरवर, गर्दी पांगायच्या आत, त्याच दरात दुसरा शो ही मागणी त्याने तोंडी केली आणि सोडून दिली. तिथेच कागदावर लिहून, मागच्या चार-पाच जणांच्या सह्या घेऊन त्या टायवाल्या पोराच्या हाती दिली असती तर त्यालाही वर फोन करायला आधार मिळाला असता. एकट्या माणसाचं "ऑफर प्राइस सिस्टिमला नाही" होतं. दीडशे माणसांचं त्याच रात्री कदाचित सिस्टिमला झालं असतं.

११८ रुपये जमा झाल्याचा बँकेचा मेसेज दादाने त्या दिवशी घरच्या ग्रुपवर टाकला होता, वर नुसतं "मिळाले". काकांनी अंगठा दिला, वहिनींनी हात जोडले. दहा मिनिटांनी आत्याने विचारलं, "कसले रे हे ११८?" ग्रुपवर आम्ही सगळे होतो. कुणीच सांगितलं नाही.